आर्सेनलचा नऊ नंबर कुठून येणार? परदेशी नावं, क्लॉज आणि हप्ते (उन्हाळी विंडो २०२५)

तोफखाना | १७ जून २०२५, रात्री ९:१०

काल विंडो (खेळाडू घ्यायचा-विकायचा काळ) पुन्हा उघडली. १ ते १० जून हा क्लब वर्ल्ड कपसाठी दिलेला जादा तुकडा होता, आता थेट १ सप्टेंबरपर्यंत सलग. तिकडची संध्याकाळची सात म्हणजे आपली रात्रीची साडेअकरा, तेव्हा शेवटच्या दिवशी जागरण नक्की.

दुखणं सगळ्यांना माहीत आहे. सलग तिसऱ्यांदा दुसरे आलो. लीगमध्ये ६९ गोल, पण एकाही खेळाडूचे दोन आकडी नाहीत. हावर्ट्झचे ९, आणि तोही फेब्रुवारीत हॅमस्ट्रिंग फाटून बसला. जेझुसचा गुडघा जानेवारीतच गेला होता. पुढे मेरीनोला स्ट्रायकर म्हणून उभं करावं लागलं, त्याने वेळ निभावली, पण तो मिडफिल्डर आहे.

नऊ नंबरसाठी, म्हणजे मुख्य स्ट्रायकरसाठी, नावं दोन उरली आहेत, स्पोर्टिंगचा ग्योकेरेस आणि लाइपझिगचा शेश्को. रिआल सोसिएदादचा मिडफिल्डर झुबिमेंदी जवळपास झालेलाच आहे, पण त्याच्या व्यवहाराचा आकृतिबंध इथे उपयोगी पडेल म्हणून तोही घ्या. परदेशी खरेदीवरच बोलूया. "कसाही करून घ्या राव" असल्या प्रतिसादांसाठी मॅच-धागा आहे.

---

डावी_बगल | १७ जून, रात्री ९:५२

माझं मत शेश्को. २२ वर्षांचा, १९५ सेंमी उंच, दोन्ही पायांनी मारतो, आणि त्या उंचीला न शोभणारा वेग आहे. बुंडेसलीगात आधीच्या मोसमात १४, या मोसमात १३. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, मान्य. पण आपल्यासमोर दहा जण बॉक्समध्ये पाय रोवून बसतात तेव्हा हवेतला चेंडू जिंकणारा माणूस लागतो.

ग्योकेरेसचे ३९ लीग गोल बघून हुरळून जायच्या आधी ते कसे आले ते बघा. पेनल्ट्या वेगळ्या काढा. मग बघा की किती गोल डावीकडच्या चॅनलमध्ये धावत, समोर ३०-४० मीटर मोकळं मैदान असताना आले. आपल्या घरी एमिरेट्सवर ते मैदान कोण देणार?

---

हायबरीकर | १७ जून, रात्री १०:३०

अर्धवट सत्य. नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीला ४-१ हरवलं त्यात त्याची हॅट्ट्रिक होती. दोन पेनल्ट्या, कबूल. पण त्याच महिन्यात त्यांचा प्रशिक्षक अमोरिम मँचेस्टर युनायटेडला गेला, स्पोर्टिंगने त्यानंतर दोन प्रशिक्षक बदलले, तरी याचे गोल आटले नाहीत. म्हणजे 'पद्धतीचा खेळाडू' हे लेबल तितकंसं चिकटत नाही.

आणि मोकळी जागा नुसती मिळत नसते, तयारही करावी लागते. तो सेंटरबॅकला सतत मागे ओढतो. त्या ओढण्यामुळे ओडेगार्डसमोर पाचसात मीटर मोकळे होतात. हावर्ट्झ खाली येऊन चेंडू मागतो तेव्हा बरोबर उलटं होतं, समोरचा सेंटरबॅक त्याच्या पाठोपाठ वर येतो आणि सगळी गर्दी ओडेगार्डच्याच अंगावर.

---

लेखापाल | १८ जून, सकाळी ८:०५

खेळाचं तुम्ही बघा, मी वहीचं सांगतो. शंभरदा विचारलं जातं म्हणून एकदाच नीट.

खेळाडूची किंमत वहीत एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते. ५.५ कोटी पौंडांचा खेळाडू ५ वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी १.१ कोटी. पगार आठवड्याला २ लाख पौंड धरला (हा माझा अंदाज, बातमी नव्हे) तर वर्षाला १.०४ कोटी. एकूण वार्षिक बोजा २.१४ कोटी. करार आठ वर्षांचा केला तरी वाटणी पाचच वर्षांत. चेल्सीने मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला, तशी आणखी काही लांबलचक कागदपत्रं केली, त्यानंतर आधी युएफाने आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगने पाचाची मर्यादा घातली.

विकताना मात्र सगळा नफा एकाच वर्षात. अकादमीतल्या पोराची खरेदी किंमत शून्य, म्हणून मागच्या ऑगस्टात एन्केटियाचे पॅलेसकडून आलेले २.५ कोटी सरळ नफा. स्मिथ रोचंही तसंच. मनाला लागतं, वहीला बरं वाटतं.

आता वयाचा मुद्दा. ग्योकेरेस या महिन्यात २७ चा झाला. पाच वर्षांनी ३२, तेव्हा विक्रीची किंमत जवळपास नाही. शेश्को पाच वर्षांनी २७ चा असेल. म्हणून शेश्कोसाठी दीड-दोन कोटी जास्त मोजले तरी वहीच्या भाषेत तो महाग ठरेलच असं नाही. तुम्ही दोघं गोल मोजताय, आपला क्रीडा संचालक बेर्ता हेही मोजत असणार.

---

नवखा_गनर | १८ जून, सकाळी ११:२०

पण आपल्याकडे पैसे आहेत का? ते पीएसआर वगैरे आड येणार नाही?

---

लेखापाल | १८ जून, दुपारी १:१५

पीएसआर म्हणजे तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा चालतो, आणि त्यातही मालकाने भांडवल घातलं तरच. घातलं नाही तर फक्त १.५ कोटी. अकादमी, महिला संघ, स्टेडियम यांवरचा खर्च तोट्यातून वजा करतात. आर्सेनलचा २०२३-२४ चा तोटा १.७७ कोटी आणि उत्पन्न ६१.६६ कोटी. ही भिंत आपल्यापासून लांब आहे.

जवळची भिंत युएफाची. संघाचे पगार, खेळाडूंची वार्षिक वाटणी आणि एजंटांचे पैसे मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसले पाहिजेत. आधी ९० होतं, मग ८०, आता ७०. ती भिंतही आज अंगाला लागत नाही, पण दोन्ही स्ट्रायकर घ्या म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

खरी रस्सीखेच रोखीची असते. आकडा किती यापेक्षा कधी आणि कशावर अवलंबून, यावर व्यवहार अडतात.

---

सासष्टीकर | १८ जून, रात्री ९:४०

लिस्बनकडची, म्हणजे स्पोर्टिंगची, बाजू मांडतो. पोर्तुगीज पेपर वाचायची सवय गोव्यात अजून काही घरांत शिल्लक आहे, त्याचा हा उपयोग.

एक. ग्योकेरेसचा करार २०२८ पर्यंत, क्लॉज १० कोटी युरोंचा. त्याचे एजंट म्हणतात की त्यापेक्षा बऱ्याच कमी आकड्याला सोडायचं तोंडी ठरलं होतं. अध्यक्ष वारांदास जाहीर बोलले की ६ कोटी अधिक १ कोटी (अॅड-ऑन, म्हणजे पुढे अटी पूर्ण झाल्या तरच द्यायचे) या भावात तो जाणार नाही. बोलून गेल्यामुळे आता ते स्वतःच अडकलेत. ६ अधिक १ ला विकला तर तोंडघशी. म्हणून माझा अंदाज, शेवटचा आकडा ६ च्या किंचित वर दिसेल एवढी काळजी घेतली जाईल. पाच-दहा लाख युरोसुद्धा चालतील, पण आकडा वेगळा दिसला पाहिजे.

दोन. स्पोर्टिंगची कंपनी शेअरबाजारात नोंदलेली आहे. मोठी विक्री झाली की लिस्बनच्या बाजार नियामकाला लेखी कळवावं लागतं. "लंडनमध्ये एक आकडा, लिस्बनमध्ये दुसरा" हा खेळ तिथे फार चालत नाही. लाइपझिगचं तसं नाही, तिथला आकडा कायम 'समजते की' वर राहतो.

तीन. स्पोर्टिंगने २०२३ मध्ये कोव्हेंट्रीला सुमारे २ कोटी दिले, आणि कोव्हेंट्रीने पुढच्या विक्रीतला वाटा राखून ठेवला. म्हणजे वरच्या प्रत्येक युरोतला थोडा इंग्लंडला परत जातो. त्यामुळे स्पोर्टिंग ताणून धरणार, हे गृहीत धरा.

---

डावी_बगल | १८ जून, रात्री १०:०२

आणि लाइपझिग बुंडेसलीगात सातवे आले. पुढच्या मोसमात युरोप नाही. विकायची घाई त्यांनाही आहे की.

---

हायबरीकर | १८ जून, रात्री १०:१५

घाई आहे, पण करार २०२९ पर्यंतचा आहे. मागच्याच उन्हाळ्यात वाढवून घेतला. बातम्यांत ८ कोटींच्या वरचे आकडे फिरताहेत ते त्यामुळेच. चार वर्षं हातात असताना कोण पडेल भावाने देईल?

---

नवखा_गनर | १९ जून, सकाळी ७:५०

क्लॉज १० कोटींचा असताना ७ ला विकायचा कशाला? आणि मग झुबिमेंदीच्या ६ कोटींच्या क्लॉजवर कुणीच घासाघीस का केली नाही?

---

तोफखाना | १९ जून, सकाळी ९:३०

चांगला प्रश्न. क्लॉज म्हणजे 'एवढे दिलेत तर मी नाही म्हणू शकत नाही' अशी वरची रेघ. त्याखाली विकायला बंदी नसते, फक्त बोलणी करावी लागतात.

स्पेनचं वेगळं आहे. तिथे १९८५ च्या राजाज्ञेने खेळाडूला करार मोडायचा हक्क दिलाय, भरपाई भरून. म्हणून तिथे जवळपास प्रत्येक करारात आकडा असतो. रक्कम तांत्रिकदृष्ट्या खेळाडू भरतो आणि ती ला लीगाच्या कार्यालयात जमा होते. २०१८ मध्ये चेल्सीला गेलेल्या गोलकीपर केपाचे ८ कोटी युरो असेच जमा झाले, त्याच्या क्लबला, अॅथलेटिक बिलबाओला, विचारायचा प्रश्नच नव्हता.

यात अडचण एकच, सगळी रक्कम एकरकमी. हप्ते हवे असतील तर विकणाऱ्याशी बोलावं लागतं आणि मग आकडा थोडा चढतो. झुबिमेंदीबाबत ६ ऐवजी ६.५ च्या आसपासचे आकडे येताहेत ते त्यामुळे.

---

लेखापाल | १९ जून, सकाळी १०:४५

५० लाख जास्त दिले म्हणून आधीच्या पानावर कुणीतरी बेर्ताला शिव्या घातल्यात. गणित करून बघा.

समजा ६.५ कोटी तीन सारख्या हप्त्यांत, आज, एका वर्षाने, दोन वर्षांनी. प्रत्येक हप्ता २.१६७ कोटी. व्याजदर ८ टक्के धरला तर दुसऱ्या हप्त्याची आजची किंमत २.००६, तिसऱ्याची १.८५८. बेरीज ६.०३ कोटी. म्हणजे क्लॉजइतकेच पैसे दिले आणि पहिलं वर्षभर ३.८ कोटींहून अधिक रोख हातात ठेवली. ती स्ट्रायकरसाठी.

विकणाऱ्याला लगेच रोख हवी असेल तर तो ते हप्ते बँकेकडे नेतो आणि कसर देऊन पैसे उचलतो. आपल्या बाजारपेठांत हुंडी वटवायचे, तेच.

---

चौकटराजा | १९ जून, दुपारी ४:२०

परदेशी खेळाडूच्या कामाच्या परवान्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, परदेशी खेळाडूला एफएचं (इंग्लिश फुटबॉल संघटनेचं) शिफारसपत्र लागतं. देश फिफा क्रमवारीत पहिल्या ५० त असेल आणि गेल्या दोन वर्षांतल्या सामन्यांत ठरावीक टक्के खेळला असेल तर आपोआप मिळतं. पहिल्या दहांतल्या देशाला ३० टक्के पुरतात, ३१ ते ५० मधल्याला ७० लागतात. नाहीतर १५ गुण जमवायचे. लीगचा दर्जा, तिथली मिनिटं, युरोपातली मिनिटं, क्लब कितवा आला, यावरून.

शेश्को आणि ग्योकेरेस दोघंही यात आरामात बसतात. बुंडेसलीगा सहा गटांतल्या पहिल्यात, पोर्तुगाल दुसऱ्यात. अडतं ते दक्षिण अमेरिकेतल्या १८-१९ वर्षांच्या पोरांचं. त्यांच्यासाठी २०२३ पासून क्लबला जास्तीत जास्त चार खास जागा आहेत, आणि किती मिळतील ते इंग्लिश खेळाडूंना किती मिनिटं दिलीत यावर. १८ च्या आतला परदेशी आता घेताच येत नाही. फाब्रेगास १६ व्या वर्षी आला होता तो रस्ता बंद.

दुसरं, यादी. २५ जणांत 'होमग्रोन' नसलेले जास्तीत जास्त १७. ग्योकेरेस ब्रायटनला होता म्हणून तो होमग्रोन धरला जाईल असं काहींना वाटतं. चूक. २१ व्या वर्षाआधी इंग्लंड-वेल्समध्ये तीन मोसम लागतात. तो जानेवारी २०१८ ला आला तेव्हा साडेएकोणीस वर्षांचा होता. १७ तली एक जागा जाणारच. शेश्कोचंही तेच. १ जानेवारी २००४ किंवा नंतर जन्मलेल्यांना यादीत जागा लागत नाही, तो सात महिन्यांनी चुकला.

---

डावी_बगल | १९ जून, दुपारी ४:४१

सात महिने! 😄

---

तोफखाना | ६ जुलै, रात्री ८:००

झुबिमेंदी अधिकृत. गेल्या ऑगस्टात लिव्हरपूलला नाही म्हणाला होता, ते आठवून आज जेवण गोड लागेल.

इतके दिवस का लागले विचारणाऱ्यांसाठी. स्पॅनिश क्लबांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, आपलं ३१ मे ला. कागद जूनमध्ये तयार असले तरी सही कुठल्या वर्षात पडते याला त्यांच्याकडे किंमत असते. असल्या वेळी 'व्यवहार फिसकटला' म्हणून छाती बडवू नये.

---

हायबरीकर | १४ जुलै, रात्री ११:०५

ग्योकेरेस स्पोर्टिंगच्या सरावाला हजर झाला नाही. आता शेश्कोचं पान मिटा.

---

सासष्टीकर | १४ जुलै, रात्री ११:४०

थांबा. खालचा आकडा जवळपास जुळलाय, भांडण वरच्या १ कोटीवर आहे. अॅड-ऑन दोन जातींचे असतात. अमुक इतके सामने खेळला, चॅम्पियन्स लीगला पात्र ठरलात, हे सोपे. विकणारा ते खिशात पडल्यासारखेच मोजतो. लीग जिंकली, युरोप जिंकला, हे अवघड. स्पोर्टिंगला सोपे हवेत, आर्सेनलला अवघड. वृत्तपत्रात दोन्ही '+१०' असेच छापले जातात.

शिवाय ५ टक्के कुणाच्या खिशातून? फिफाच्या नियमाने फीमधला ५ टक्के हिस्सा १२ ते २३ वयात खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना जातो. १२ ते १५ च्या प्रत्येक मोसमाला ०.२५ टक्के, १६ ते २३ च्या प्रत्येकाला ०.५. ग्योकेरेस स्पोर्टिंगला आला तेव्हा २५ चा, म्हणून त्यांना यातलं काही नाही. जाईल स्वीडनच्या ब्रोम्मापोयकार्नासारख्या क्लबांना, ब्रायटनला आणि त्या वयात तो लोनवर जिथे खेळला तिथे. ६ कोटींवर एका मोसमाचे ३ लाख युरो होतात, स्टॉकहोमच्या उपनगरातल्या क्लबला ते वर्षभराचा आधार आहेत. करारात 'निव्वळ' लिहिलं तर हे आर्सेनलने वरून भरायचे, नाहीतर स्पोर्टिंगच्या रकमेतून कापायचे. ६ कोटींवर ३० लाखांचा फरक. वारांदासना आकडा 'वेगळा दिसायला' एवढंही पुरतं.

---

नवखा_गनर | २२ जुलै, सकाळी १०:१०

सगळं ठरलं म्हणतायत. मग फोटो का येत नाही? मेडिकलमध्ये काही?

---

चौकटराजा | २२ जुलै, दुपारी १२:३०

मेडिकलला एक-दोन दिवस लागतात. हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी, गुडघे-घोटे-हॅमस्ट्रिंगचे एमआरआय, दोन पायांच्या ताकदीतला फरक. तिथे 'पास-नापास' असा शिक्का नसतो, डॉक्टर जोखीम लिहून देतात आणि क्लब ठरवतो. २००० साली व्हॅन निस्टलरॉयच्या गुडघ्यावरून युनायटेडने हात आखडता घेतला, पुढे त्याचं लिगामेंट खरंच फाटलं, वर्षभराने पुन्हा घेतला.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आणि सगळ्यात जोखमीचं. फिफाच्या टीएमएस प्रणालीत दोन्ही क्लब स्वतंत्रपणे तपशील भरतात. फी, हप्त्यांच्या तारखा, एजंट, सगळं तंतोतंत जुळावं लागतं. एका बाजूने हप्त्याची तारीख वेगळी टाकली की गाडी तिथेच थांबते. जोडीला करार, ओळखपत्र, आणि खेळाडूवर तिसऱ्या कुणाचा मालकी हक्क नाही असं सहीचं पत्र. मग एफए पोर्तुगालच्या संघटनेकडे आंतरराष्ट्रीय दाखला मागते.

हे शेवटच्या रात्रीवर ढकललं तर काय होतं ते स्पोर्टिंगलाच विचारा. २०१७ मध्ये आद्रिएन सिल्वा लेस्टरला गेला, कागद १४ सेकंद उशिरा पोचले. फिफाने नोंदणी नाकारली, जानेवारी २०१८ पर्यंत पठ्ठ्या नुसता सराव करत बसला. इंग्लंडात 'डील शीट' देऊन दोन तास वाढवून मिळतात, यंदा आपल्या दीड वाजेपर्यंत. पण ते कागद पुरे करायला, सौदा ठरवायला नव्हे.

---

तोफखाना | २६ जुलै, रात्री ११:५०

झालं! संघ सिंगापुरात आणि घोषणा आली. ६.३५ कोटी अधिक १ कोटी असं सगळीकडे छापून येतंय. नंबर १४.

---

हायबरीकर | २६ जुलै, रात्री ११:५८

सासष्टीकर, तुम्हाला चहा लागू. ६ च्या किंचित वर!

---

डावी_बगल | २७ जुलै, सकाळी ८:१५

१४ सेकंद, १४ नंबर. आणि तो आकडा आपल्या जुन्या गोलवीराचा, थिएरी ऑन्रीचा. ओझं त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलंय, मी आता टीका करणार नाही. निदान ऑक्टोबरपर्यंत.

---

लेखापाल | ९ ऑगस्ट, रात्री १०:२०

शेश्को युनायटेडला. ७.६५ अधिक ०.८५ कोटी युरो. खालच्या आकड्यातला फरक १.३ कोटी, पाच वर्षांत वाटला तर वर्षाला २६ लाख. २०३० मध्ये कुणाचं गणित बरोबर होतं ते वही सांगेल, धागा तोवर जिवंत ठेवा.

---

नवखा_गनर | ९ ऑगस्ट, रात्री १०:४४

मग एझेचं काय?

---

तोफखाना | ९ ऑगस्ट, रात्री १०:५०

तो क्रिस्टल पॅलेसचा, म्हणजे इंग्लंडातलाच. टीएमएस नाही, परवाना नाही, होमग्रोन नसलेल्यांच्या १७ त मोजायचाही नाही. या धाग्याचा विषय नव्हे, वेगळा काढा.